परवान्याची वही कोणीं वाचावी ?

गळ टाकून मासे धरण्याच्या परवान्याविषयीं या मासिकांत लेख आलेला पाहून आमच्या कांहीं वाचकांच्या, विशेषतः वाचक भगिनींच्या, कपाळास आठी पडेल हें आम्ही जाणून आहों. ज्या घरांतून हें मासिक वाचलें जातें त्यांपैकीं पुष्कळ घरांत मत्स्यावताराची कथा सोडली तर माशाचा संबंध येत नाहीं. (कोंकण-गोव्याकडील आमच्या सारस्वत स्नेह्यांनीं या वाक्यास खुशाल हंसावें, त्यांना तो अधिकार आहे.) पण विषय माशांचा नाहीं, वहीचा आहे. सरकारनें प्रजेच्या नांवांची जी वही ठेविली ती कोणीं उघडावी, कोठवर वाचावी, आणि वाचून तिचें काय करावें, हा प्रश्न आतां प्रत्येक घराच्या उंबऱ्याशीं येऊन ठेपला आहे. त्याचें सर्वांत बोलकें उदाहरण आम्हांस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, तेंही तळ्याकांठीं काठी धरून बसणाऱ्या एका निरुपद्रवी माणसाच्या बाबतींत, सांपडलें.

तिकडे पोटासाठीं मासे धरणारे वेगळे, आणि सुटीच्या दिवशीं करमणूक म्हणून गळ, दोरा व आमिषाची डबी घेऊन पाण्याशीं जाऊन बसणारे वेगळे. आपण बोलणार आहों तें या दुसऱ्यांविषयीं. आयझाक वॉल्टन नांवाच्या इंग्रज ग्रंथकारानें १६५३ सालीं या छंदावर एक पुस्तक लिहून हा खेळ शांत व विचारी माणसाचा आहे असें प्रतिपादन केलें, आणि या छंदाचे लोक तें पुस्तक अजून वाचतात. आजचे पुष्कळ हौशी तर मासा धरतात, क्षणभर न्याहाळतात आणि पुनः पाण्यांत सोडून देतात. एकांत हाच या खेळाचा अर्धा आनंद होय. चार माणसांपासून दूर जाण्यासाठीं जो मनुष्य पाण्याकडे जातो, त्याचें नांव व राहत्या घराचा पत्ता चार माणसांच्या हातीं जावा काय, असा हा प्रश्न आहे.

परवाना देण्याचें काम तेथील मध्यवर्ती सरकारचें नव्हे, प्रत्येक घटक राज्याचें आहे. अर्जांत नांव, पत्ता, जन्मतारीख लिहावी लागते. आपण त्या राज्याचे रहिवासी कीं परके, हेंही सांगावें लागतें. कारण रहिवाशास फी थोडी व परक्यास पुष्कळ अधिक. असे परवानेवाले त्या देशांत कोटींनीं मोजावे लागतात.

ही उठाठेव सरकारनें निष्कारण आरंभिलेली नाहीं. नद्या-तळ्यांतील मासे कोणा एकाचे नव्हेत, सर्व प्रजेचे आहेत. आणि ज्यानें त्यांतून घ्यावें त्यानें त्यांच्या रक्षणास हातभार लावावा, असें त्यामागील तत्त्व आहे. १९५० सालीं अध्यक्ष ट्रूमन यांच्या सहीनें डिंजेल-जॉन्सन या नांवानें ओळखला जाणारा कायदा झाला. गळ, काठ्या, दोरे यांवरील अबकारी कराचा पैसा मध्यवर्ती सरकारनें गोळा करावा आणि मत्स्यसंवर्धनासाठीं राज्यांस वांटून द्यावा, अशी त्याची योजना आहे. वांटणीचें गणित पहाण्यासारखें आहे : शेंकडा ४० भाग राज्याच्या जमिनीच्या व पाण्याच्या विस्तारावरून, आणि शेंकडा ६० भाग तेथील पैसे भरून परवाना घेणाऱ्यांच्या संख्येवरून, कोणत्याहि राज्यास शंभरांत पांचांहून अधिक नाहीं आणि एकाहून कमी नाहीं. शिवाय परवान्याच्या फीचा पैसा दुसरीकडे वळवावयाचा नाहीं, अशी अट राज्यानें आपल्या कायद्यानें मान्य केल्यावांचून हा हिस्सा मिळत नाहीं.

आतां जेथें संख्येवर पैसा मिळतो तेथें संख्या फुगविण्याचा मोह होणारच. म्हणून एका मनुष्यानें वर्षांत तीन प्रकारचे परवाने घेतले तरी तो एकच मोजावयाचा, असा नियम आहे. तो पाळावयाचा तर राज्याच्या वहींत नांवें हवींत. पण मध्यवर्ती सरकारकडे जाते ती केवळ संख्या. नांव वहींत राहतें आणि आंकडा बाहेर जातो, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचा उपयोग पुढें आहे.

इकडे परवान्याची वही वाढत होती तों दुसरीकडे एक निराळेंच आणि फार चांगलें तत्त्व रूढ होत होतें. सरकारी दप्तर हें सरकारच्या मालकीचें नसून लोकांच्या मालकीचें आहे, आणि कोणाहि नागरिकानें कारण न सांगतां तें पहावयास मागावें, हें तें तत्त्व होय. फ्लॉरिडा राज्यानें १९०९ सालींच असा कायदा केला. मध्यवर्ती सरकारनें तो १९६६ सालीं केला. वॉशिंग्टन राज्यांत तर १९७२ सालीं लोकांनीं स्वतः मतदान करून तो आणला.

आमच्यासारख्या संस्कृताच्या जुन्या अभ्यासकास यांतील नवेपणा चटकन् जाणवतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत ‘गोप’ नांवाचा अधिकारी आहे. घरोघरचीं माणसें, त्यांचे वर्ण, धंदे, आय व व्यय हें सारें त्यानें लिहून ठेवावयाचें. आणि त्यानें लिहिलेलें खरें कीं खोटें हें समाहर्त्यानें गृहस्थाच्या वेषांतील हेर पाठवून पडताळावयाचें. मासे धरणाऱ्यांनीं राजाच्या नौकेच्या भाड्यादाखल सहावा हिस्सा द्यावा, असेंहि त्यांत आहे. म्हणजे नोंद, फी आणि पाळत हीं तिन्ही आपल्याला नवीं नाहींत. पण ती वही राजाची होती. राजानें प्रजेकडे पहावयाचें, प्रजेनें राजाच्या दप्तरांत डोकवावयाचें नाहीं, अशी ती व्यवस्था. ज्या दिवशीं प्रजेस दप्तर उघडण्याचा अधिकार मिळाला त्या दिवशीं दृष्टीची दिशा बदलली. ही लहान क्रांति नव्हे, आणि तिला बाध येईल असें कांहीं आमच्या लेखणींतून उतरूं नये अशी आम्ही काळजी घेणार आहों.

अडचण उत्पन्न झाली ती अशी. सरकारी दप्तरांत सरकारनें काय केलें एवढेंच नसतें. प्रजेनें सरकारला काय सांगितलें हेंहि असतें. दप्तर उघडें म्हटलें म्हणजे दोन्ही उघडीं होतात. मग मासे धरणाऱ्यांची यादी मागावयास येतो कोण ? सरकारचा जमाखर्च तपासणारा नागरिक कचितच येतो. येतो तो काठ्या, नौका व तंबू विकणारा दुकानदार. कारण ज्याच्या हौसेची खात्री सरकारनेंच करून ठेविली आहे असें तयार गिऱ्हाइक त्याला आयतें हवें असतें. निवडणुकीचा प्रचारकहि येतो. आणि एखादे वेळीं असाहि येतो कीं ज्याचा हेतु विचारण्याचा अधिकारच कचेरीच्या कारकुनास नसतो.

या बाबतींत तेथील न्यायालयांपुढें एक गंमतीचा खटला झाला आहे. घरच्या घरीं कुटुंबापुरती द्राक्षाची दारू करणाऱ्या गृहस्थास त्या काळीं वर्षाकांठीं २०० गॅलनपर्यंत कर माफ असे. मात्र त्यानें सरकारकडे नोंद करावी लागे. दारू गाळण्याचें साहित्य विकणाऱ्या एका कंपनीनें अशा नोंदलेल्या लोकांचीं नांवें व पत्ते १९६६ च्या कायद्याखालीं मागितले. हेतु उघड होता. घरोघर जाहिराती पाठवावयाच्या. १९७४ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ही मागणी फेटाळली. मनुष्य आपल्या घरांत काय करतो हें त्या यादीवरून उघड होतें, आणि सरकारच्या कारभारावर तिनें कसलाच प्रकाश पडत नाहीं, असा त्या निकालाचा आशय होता. मद्याविषयींचें आमचें मत वाचकांना सांगावयास नको. परंतु गृहस्थाच्या उंबऱ्याचा मान राखणारा हा निकाल आम्हांस मनापासून आवडला.

पुढें १९८९ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व अधिक स्पष्ट केलें. खटला माशांचा किंवा मद्याचा नव्हता. एका व्यक्तीवरील जुन्या गुन्ह्यांच्या नोंदींचा होता. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, या कायद्याचा उद्देश सरकार काय करीत आहे हें लोकांस कळावें हा आहे. सरकारच्या कपाटांत एखाद्या खाजगी माणसाची माहिती येऊन पडली आहे, एवढ्यावरून ती या उद्देशांत बसत नाहीं. त्याच निकालांत एक फार मार्मिक भेद केलेला आहे. निरनिराळ्या गांवच्या कचेऱ्यांत विखुरलेले कागद कोणी हिंडून हिंडून पहावेत ही एक गोष्ट, आणि तेच कागद एका ठिकाणीं जुळवून कोणाच्याहि हातीं द्यावेत ही दुसरी. कागद तेच, पण विखुरलेलेपणा हेंहि एक प्रकारचें आच्छादन होतें, आणि तें जुळवणीनें गळून पडतें. गांवच्या पारावर अमक्याचा मुलगा मुंबईस काय करतो हें दहा जणांस ठाऊक असतें, त्यानें कोणाचें बिघडत नाहीं. साऱ्या तालुक्याच्या मुलांची तशी छापील यादी निघाली तर बिघडेल.

हे दोन्ही निकाल मध्यवर्ती सरकारच्या दप्तराविषयीं होत. मासे धरण्याचा परवाना राज्याचा असल्यामुळें प्रत्येक राज्याची रीत निराळी राहिली.

पत्ता उघडा पडल्यानें काय होऊं शकतें याची एक दुःखद कथा तिकडे सर्वांच्या तोंडीं आहे. १९८९ च्या जुलै महिन्यांत लॉस एंजेलिस येथें रिबेका शेफर नांवाच्या अवघ्या एकवीस वर्षांच्या नटीचा तिच्या घराच्या दारांतच खून झाला. खुनी इसमानें एका खाजगी गुप्तहेराकरवीं मोटारींच्या सरकारी नोंदणी-कचेरींतून तिचा पत्ता मिळविला होता. पुढें १९९४ सालीं मध्यवर्ती सरकारनें मोटार चालविणाऱ्यांच्या नोंदींस संरक्षण देणारा कायदा केला. साउथ कॅरोलायना राज्यानें त्याविरुद्ध तक्रार नेली असतां २००० सालीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें तो कायदा उचलून धरला. ठीक झालें. पण संरक्षण मिळालें तें मोटारीच्या वहीला. तोच मनुष्य, तेंच नांव, तेंच घर. एका कपाटास कुलूप आणि शेजारच्या कपाटास नुसती कडी, अशी ही स्थिति झाली. मारकुट्या नवऱ्यापासून पळून मुलांसह नव्या गांवीं राहिलेल्या बाईस मुलाला तळ्यावर न्यावेंसें वाटलें तर तिनें कोणत्या विश्वासानें अर्जावर पत्ता लिहावा ? अशा स्त्रियांकरितां सरकारनें खऱ्या पत्त्याऐवजीं एक पर्यायी पत्ता द्यावा आणि सरकारी कचेऱ्यांनीं तोच स्वीकारावा, ही सोय वॉशिंग्टन राज्यानें १९९१ सालीं सुरू केली व इतर अनेक राज्यांनीं ती उचलली. पण ही सोय संकट ओळखून आधीं अर्ज करील तिच्यापुरतीच आहे.

वहींतील मजकूरहि दरम्यान वाढत गेला. आमचा एक पुतण्या विस्कॉन्सिन राज्यांत नोकरीस आहे. त्याचीं मुलें लहान असून सोळा वर्षांखालील मुलांस तेथें परवाना लागत नाहीं. परंतु मुलांसवें गळ टाकावयाचा तर बापाला लागतो. (मासा धरून सोडून देतात, हें आमच्या वहिनींस पटवितां पटवितां त्याच्या नाकीं नऊ आले.) अर्जांत त्याला सोशल सिक्युरिटी क्रमांक विचारला तेव्हां तो बुचकळ्यांत पडला. हा क्रमांक म्हणजे तिकडील माणसाच्या पगाराची, पेन्शनीची व कर्जाची किल्लीच. ती माशांच्या खात्यास कशाला ? तर १९९६ सालच्या समाजसाह्याच्या कायद्यानें व १९९७ च्या दुरुस्तीनें राज्यांवर असें बंधन घातलें आहे कीं, करमणुकीचे परवाने देतांनाहि हा क्रमांक लिहून घ्यावा. ज्या बापानें टाकून दिलेल्या मुलांची पोटगी थकविली असेल त्याला हुडकून काढावें, आणि जरूर तर त्याचा मासे धरण्याचा परवाना अडवून ठेवावा, हा उद्देश. उद्देश पुण्याचा आहे यांत शंका नाहीं. परंतु परिणाम असा कीं, तळ्यावर बसण्याच्या परवान्याच्या वहींत माणसाच्या साऱ्या संसाराची किल्ली येऊन पडली.

किल्ली ठेवली म्हणजे चोर येतो. २०१६ च्या ऑगस्टांत आयडाहो, ओरेगन व वॉशिंग्टन या तीन राज्यांस परवान्यांची संगणकावरील विक्री कांहीं काळ बंद ठेवावी लागली ; कारण त्यांच्या वतीनें हें काम पहाणाऱ्या एका खाजगी कंत्राटदाराच्या यंत्रणेंत कोणी परकी व्यक्ति शिरली होती. नांवें, पत्ते, जन्मतारखा असा मजकूर त्या नोंदींत होता. चोर नेहमी बाहेरचाच असतो असेंहि नाहीं. मिनेसोटा राज्यांत जें खातें मासे धरण्याचे परवाने देतें, त्याच खात्यांतील एका नोकरानें मोटार चालविणाऱ्यांच्या नोंदींतून सुमारे ५,००० माणसांची माहिती निष्कारण उघडून पाहिली होती, असें २०१३ च्या आरंभीं उघडकीस आलें. त्यांत बहुतेक स्त्रियाच होत्या. यादी गिऱ्हाइकास विकली जावो वा न जावो, ती आहे तोंवर कोणाच्या तरी बोटांखालीं आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग लावा वहीस कुलूप आणि संपवा वाद. तें इतकें सोपें नाहीं. वहीच्या बाजूनें बोलणाऱ्या दोन गोष्टी आहेत, आणि त्या आम्हांस टाळतां येत नाहींत.

पहिली वायोमिंग राज्यांतील. अमेरिकेच्या माजी उपाध्यक्षांच्या कन्या लिझ चेनी यांनीं २०१३ च्या जुलैंत त्या राज्यांतून सिनेटची उमेदवारी जाहीर केली. या खरोखर वायोमिंगच्या कीं नुसत्या निवडणुकीपुरत्या तेथें आल्या, ही चर्चा तेव्हां जोरांत होती. पुढच्याच महिन्यांत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झालें कीं, त्यांनीं त्या राज्यांत घर घेतल्यापासून ७२ दिवसांतच रहिवाशाच्या दराचा मासे धरण्याचा परवाना घेतला होता. कायद्यास तर सलग ३६५ दिवसांचें वास्तव्य लागतें. अर्जावर दहा वर्षांचें वास्तव्य नोंदलें होतें. ती चूक लिहून घेणाऱ्या कारकुनाची असावी, असें चेनी यांनीं सांगितलें आणि २२० डॉलर भरून प्रकरण मिटविलें. जानेवारी २०१४ मध्यें त्यांनीं घरगुती कारणानें ती उमेदवारी मागें घेतली. पुढें २०१७ पासून २०२३ पर्यंत त्याच राज्याच्या प्रतिनिधि म्हणून त्या लोकसभेंत होत्या.

रक्कम क्षुल्लक आहे. परंतु जो मनुष्य लोकांचीं मतें मागतो त्याचें वास्तव्य खरें कीं नाहीं, आणि सरकारी कचेरीनें सामान्य माणसास लावलेला नियम मोठ्या घरच्या माणसासहि लावला कीं नाहीं, हें समजण्याचा लोकांस हक्क आहे असें आम्ही मानतों. ही नोंद पोलादी कुलुपांत असती तर तें समजलें नसतें. खाजगीपणाच्या आड मोठ्यांची सवलत लपते, हा अनुभव अमेरिकेचाच आहे असें नाहीं.

दुसरी गोष्ट समुद्राची. कोणत्या जातीचे मासे किती उरले हें ठरविण्यास हौशी लोक किती मासे धरतात हें कळावें लागतें. पूर्वीं किनाऱ्यावरील घरांस वाटेल तसे टेलिफोन करून विचारीत, ‘तुमच्याकडे कोणी मासे धरावयास गेलें होतें काय ?’ पुष्कळ घरें विचारावीं तेव्हां एखादें उपयोगाचें निघावें. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेनें २००६ सालीं या पद्धतीवर कडक टीका केली. त्याच सालीं संमत झालेल्या सुधारित मत्स्यकायद्यानें समुद्रावरील हौशी लोकांची राष्ट्रीय नोंदवही ठरविली, आणि २०१० च्या आरंभापासून ती सुरू झाली. ज्या राज्यांनीं आपल्या परवान्यांच्या याद्या दिल्या तेथील लोकांस निराळी नोंद करावी लागली नाहीं. २०१८ पासून टेलिफोनची जागा टपालानें पाठविलेल्या प्रश्नपत्रिकेनें घेतली, आणि तिला या याद्यांचा आधार आहे. म्हणजे यादी अगदीं जाळून टाकली तर माशांचेंहि नुकसान आणि मासे धरणाऱ्यांचेंहि. कारण अंदाज चुकला तर धरण्याचा हंगामच आधीं बंद करावा लागतो. मात्र येथेंहि नांव पहातो तो गणती करणारा, आणि लोकांपुढें येतो तो आंकडा. वर ध्यानांत ठेवावयास सांगितलें होतें तें हेंच.

हीं सारीं उदाहरणें शेजारीं शेजारीं मांडलीं असतां आमच्या मतें वादाचें मूळ उघड होतें. भांडण ‘नोंद उघडी कीं झाकलेली’ असें नाहींच. एका ठराविक माणसाच्या नोंदीविषयीं कारणपरत्वें केलेली चौकशी निराळी, आणि साऱ्या नांवांची यादी उचलून नेणें निराळें. चेनी यांच्या बाबतींत हवी होती ती एक नोंद, आणि तिनें कचेरीचें वागणें उजेडांत आणलें. द्राक्षाच्या दारूच्या खटल्यांत मागितली होती ती यादी, आणि तिनें फक्त लोकांचीं घरें उजेडांत आलीं असतीं. फीचा पैसा कोठें गेला, परवाने किती दिले, किती नाकारले, परक्यास रहिवासी म्हणून कोणत्या कचेरीनें सोडलें, हें सारें लोकांपुढें एकाहि नांवावांचून ठेवतां येतें, आणि तें ठेवलेंच पाहिजे.

विस्कॉन्सिन राज्यानें हा भेद आपल्या कायद्यांत जवळ जवळ याच शब्दांत बसविला आहे. परवाना घेणाऱ्यानें ‘माझें नांव यादींत देऊं नये’ असें कळविलें असेल, तर दहा किंवा अधिक माणसांच्या कोणत्याहि यादींत खात्यानें त्याचें नांव द्यावयाचें नाहीं. दहाच कां, नऊ कां नाहींत, असें आमचा एखादा जुना विद्यार्थी विचारील. कोठें तरी रेघ ओढावी लागते, एवढेंच त्याचें उत्तर. पण रेघ योग्य जागीं ओढली आहे. त्यांतील उणेपणा दुसरा आहे. कळविल्यास नांव गाळावयाचें, म्हणजे न कळविल्यास द्यावयाचें. जो अर्ज बारकाईनें वाचतो त्याचें रक्षण होतें, आणि घाईनें सही करणाऱ्याचें होत नाहीं. हें उलट असतें तर अधिक शोभलें असतें. मिनेसोटानें याहून पुढें जाऊन हौशी परवानेवाल्याचें नांव, पत्ता, जन्मतारीख व मोटारीच्या परवान्याचा क्रमांक हें सारें कायद्यानेंच खाजगी ठरविलें आहे. सामान्य गृहस्थास तें सोयीचें. मात्र वायोमिंगसारखा प्रसंग तेथें उद्भवला तर वर्तमानपत्रास ती नोंद कशी पहावयास मिळावी, हें आम्हांस त्या व्यवस्थेंत दिसत नाहीं.

आपल्याकडे हाच पेंच सध्यां दुसऱ्या टोंकानें कसला जात आहे, म्हणून दोन शब्द. आपल्या २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यांत कलम ८ (१) (ञ) होतें त्यांत हा भेद चांगला सांभाळलेला होता. सार्वजनिक कार्याशीं संबंध नसलेली, किंवा कोणाच्या खाजगी आयुष्यांत विनाकारण घुसखोरी करणारी माहिती देऊं नये ; मात्र व्यापक लोकहितासाठीं जरूर तर द्यावी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं २०१७ सालीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला, तोहि योग्यच होता. पुढें व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठीं २०२३ सालीं जो कायदा झाला त्यानें या कलमांतील बारकावे काढून टाकून ‘व्यक्तिगत माहिती’ एवढीच सूट ठेविली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें ही दुरुस्ती अंमलांत आली. लोकहिताचा विचार करण्याची मुभा दुसऱ्या पोटकलमांत राहिली आहे हें खरें. परंतु एखाद्या अधिकाऱ्याची बदली, पदवी किंवा मिळालेली सवलत यांविषयीं विचारलें असतां ‘ही व्यक्तिगत माहिती आहे’ एवढें म्हणून फाइल मिटणें आतां पूर्वींपेक्षां सोपें झालें आहे. तळ्यावरच्या माणसासाठीं शिवलेलें पांघरूण कचेरींतल्या माणसानें ओढून घेतलें, असा हा प्रकार आहे.

ज्या कुटुंबांतील मुलेंमुली अमेरिकेंत आहेत त्यांच्यासाठीं एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवतों. परवान्याचा अर्ज भरतांना, तो मासे धरण्याचा असो, नौकेचा असो कीं सरकारी उद्यानांतील तंबूचा असो, नांव यादींत देऊं नये असें कळविण्याची जागा कोठें आहे हें आधीं शोधावें. ती बहुधा शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत असते. न सांपडल्यास कचेरीस पत्र घालून विचारावें. सोशल सिक्युरिटी क्रमांक देणें टळत नसलें तरी, प्रत्यक्ष परवान्यावर दुसराच क्रमांक छापून हा केवळ कचेरीच्या दप्तरांत ठेवण्याची मुभा राज्यांस कायद्यानें आहे, आणि जेथें तशी सोय आहे तेथें ती अर्जदारास सांगणें राज्यावर बंधनकारक आहे. आमच्या पुतण्यानें आपलें नांव यादींतून वगळण्यास कळविलें आहे. मासा मात्र त्याला अद्याप एकहि लागलेला नाहीं, याचें आमच्या वहिनींस फार समाधान आहे.